शहर आणि खेडे : हद्दीच्या रेषेवरचा व्यवहार

पुणे जिल्ह्यात कालवा सल्लागार समितीची बैठक जवळ आली, की वर्तमानपत्रांतून ठरावीक बातम्या झळकू लागतात. धरणांत पाणी इतके उरले आहे, पुणे शहराची मागणी इतकी आहे, दौंड आणि इंदापूरकडील शेतकऱ्यांना उन्हाळी आवर्तन हवे आहे आणि दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या होणे कठीण आहे, असा त्यांचा मथितार्थ असतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण क्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. एवढ्याच साठ्यावर एका वाढत्या महानगराची तहान आणि तीन तालुक्यांची शेती अवलंबून आहे. बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, आमदार आपापल्या बाजू मांडतात आणि त्या वर्षापुरता काही तोडगा निघतो. पुढल्या वर्षी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

या वादाकडे पाहण्याची आपली रीत ठरून गेली आहे. शहरातला माणूस म्हणतो, की पिण्याच्या पाण्यापुढे उसाचे कौतुक कशाला? खेड्यातला माणूस म्हणतो, की आमची जमीन धरणाखाली गेली आणि पाणी मात्र तुमच्या बागांना. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु हितसंबंधांचा विरोध एवढ्यावरच हे प्रकरण मिटत नाही. हितसंबंध तर शेजारच्या दोन गावांचेही परस्परविरुद्ध असतात आणि एका घरातल्या दोन भावांचेही असतात. ते मिटवण्यासाठी एकत्र बसण्याची काही जागा लागते. शहर आणि खेडे यांना अशी जागा आपल्या स्थानिक स्वराज्याच्या रचनेने दिली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

दोन कायदे, दोन संसार

आपली रचना मुळातच दुभंगलेली आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली दोन निरनिराळे कायदे झाले. एक शहरांतील नगरपालिकांसाठी आणि दुसरा ग्रामीण भागातील लोकल बोर्डांसाठी. त्या काळी ही विभागणी अस्वाभाविक नव्हती. शहर कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते हे त्या वेळी डोळ्यांना दिसत असे. वेशीबाहेर मळे होते, मळ्यांपलीकडे गावे होती आणि गावचा माणूस बाजाराच्या दिवशी शहरात येऊन संध्याकाळी परत जात असे.

स्वातंत्र्यानंतर हीच विभागणी अधिक पक्की झाली. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील ही एक मोठी घटना होय. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, रस्ते, शेतीसुधारणा ही कामे लोकप्रतिनिधींच्या हाती आली आणि ग्रामीण नेतृत्वाची एक नवी पिढी या संस्थांतून घडली. हे श्रेय जिल्हा परिषदांना दिलेच पाहिजे. मात्र त्यांचे कार्यक्षेत्र ठरवताना नगरपालिकांचे आणि महानगरपालिकांचे क्षेत्र त्यातून वगळले गेले. ‘जिल्हा’ हे नाव राहिले, पण जिल्ह्याचे हृदय बाहेर राहिले.

याचा परिणाम कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतो. पंचायत समितीचे कार्यालय त्या गावात असते, सभापती तेथे बसतात, आजूबाजूच्या पन्नास-शंभर खेड्यांतील लोक बाजाराला, दवाखान्याला, महाविद्यालयाला तेथेच येतात. परंतु ज्या गावात नगरपालिका आहे, त्या गावावर पंचायत समितीचा अधिकार चालत नाही. तेथील बाजाराची व्यवस्था, रस्ते, सार्वजनिक शौचालये यांविषयी खेड्यातील माणसाला एक शब्द बोलण्याचा हक्क नाही, कारण तो तेथील मतदार नाही. उलट त्या गावचे सांडपाणी ज्या ओढ्यात जाते, त्या ओढ्याकाठच्या खेड्याविषयी नगरपालिकेवरही कसली जबाबदारी नाही.

मंत्रालयात गेले तरी हेच चित्र आहे. खेड्यांसाठी ग्रामविकास विभाग, शहरांसाठी नगरविकास विभाग; दोहोंचे मंत्री निराळे, सचिव निराळे, नियमांची पुस्तके निराळी. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ४५ टक्क्यांहून अधिक लोक नागरी भागात राहत होते आणि उरलेल्यांपैकीही असंख्य माणसे रोज कामाला शहरात जातात. माणूस सकाळी एका कायद्यातून निघतो आणि दुसऱ्या कायद्यात कामाला लागतो. त्याच्या जीवनाचे हे दोन तुकडे एकत्र पाहणारी संस्था मात्र नाही.

नाका गेला, रेषा राहिली

शहर आणि खेडे यांच्यामधील रेषेचे दृश्य रूप म्हणजे जकात नाका. शहराच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या मालमोटारींच्या रांगा आजही प्रौढ वाचकांना आठवत असतील. जकात हे महानगरपालिकांच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. शहरात येणाऱ्या मालावर कर घ्यायचा आणि तो शहरासाठीच खर्च करायचा, असा तो सरळ हिशेब होता. पण शहरातील बाजारपेठ केवळ शहरवासीयांची नसते. तालुक्यातून खरेदीला आलेला शेतकरी कापड, लोखंड, औषधे विकत घेई, तेव्हा त्या किमतीत जकात मिसळलेली असे. नगरपालिकेच्या खर्चात त्याचा असा हातभार लागे आणि नगरपालिकेच्या कारभारात त्याला स्थान नसे.

पुढे ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली, नंतर महानगरपालिकांत तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईचीही जकात संपली. त्या बदल्यात महानगरपालिकांना राज्याच्या तिजोरीतून भरपाई मिळू लागली. नाक्यावरच्या रांगा गेल्या हे चांगलेच झाले. परंतु शहराच्या उत्पन्नात आसपासच्या प्रदेशाचा वाटा किती आणि त्या प्रदेशाला त्यातून काय परत मिळावे, हा प्रश्न नाक्याबरोबर संपला नाही. तो केवळ दिसेनासा झाला.

पाणी येते आणि कचरा जातो

ही रेषा सर्वाधिक जाचते ती पाणी आणि कचरा या दोन बाबतींत. मुंबईचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तानसा, मोडक सागर, भातसा हे मुंबईची तहान भागवणारे जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तिच्या जलवाहिन्या ज्या गावांच्या शिवारातून जातात, त्या गावांच्या ग्रामपंचायतींशी तिचे नाते शेजाऱ्याचे नाही. ते फार तर परवानगी मागणाऱ्याचे आहे, आणि ती परवानगीही बहुधा शासनाकडून मिळते.

मावळात याचे पर्यवसान शोकांतिकेत झाले. पिंपरी-चिंचवड शहरासाठी पवना धरणातून बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला तेथील शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीतून पाणी वाहत गेले तर काठच्या शेतीला ते मिळते, नळातून गेले तर मिळत नाही, ही त्यांची साधी भीती होती. शहराची बाजूही निराधार नव्हती. उघड्या नदीतून येणारे पाणी गळते, चोरीला जाते आणि दूषित होते. या दोन बाजूंचा मेळ घालणे अशक्य होते काय? पण तो घालण्यासाठी महानगरपालिका आणि मावळची पंचायत समिती यांनी एका टेबलाशी बसण्याची सोय आपल्या रचनेत नव्हती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजनेचे काम थांबले आणि अनेक वर्षे थांबूनच राहिले. शेतकऱ्यांनी माणसे गमावली, शहराने वर्षे गमावली.

कचऱ्याची कथा याच्या उलट दिशेने जाते. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधीने आणि माश्यांनी लोकांचे जीवन दुःसह झाले. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, म्हणजे शहरात कचऱ्याचे ढीग साचत. आश्वासने दिली, म्हणजे गाड्या पुन्हा सुरू होत. गाड्या अडवणे याखेरीज गावकऱ्यांच्या हाती दुसरे साधनच नव्हते. ज्या संस्थेचा कचरा त्यांच्या दाराशी येत होता, त्या संस्थेत त्यांचा प्रतिनिधी नव्हता आणि ज्या ग्रामपंचायतीत प्रतिनिधी होता, तिचे महानगरपालिकेपुढे काही चालत नव्हते.

वापरलेल्या पाण्याचेही असेच आहे. पुण्याने वापरलेले पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे, या हेतूने मुंढव्याचा जॅकवेल प्रकल्प आखला गेला. वर्षाला सुमारे साडेसहा अब्ज घनफूट पाणी तेथून बेबी कालव्यात सोडावे, अशी कल्पना होती. कल्पना न्याय्य आहे. शहराने धरणातले पाणी घ्यावे आणि वापरून झाल्यावर ते शुद्ध करून शेतकऱ्याला परत करावे. पण येणारे पाणी किती शुद्ध आहे याविषयी कालव्याकाठच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीच्या जलाशयात जाणारे प्रदूषण सर्वांना ठाऊक आहे. देणाऱ्याने द्यायचे कबूल केले. ते मोजून, तपासून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे नाही. मग करार कोणता आणि उपकार कोणता?

हद्दवाढीचा उतारा

या सर्व तंट्यांवर आपल्याकडे एकच उतारा प्रचलित आहे, तो म्हणजे हद्दवाढ. गाव शहरात घेतले, की वाद संपला, अशी समजूत आहे. अनुभव निराळा आहे. पुणे महानगरपालिकेत १९९७ साली ३८ गावे समाविष्ट झाली आणि काही वर्षांतच त्यांतील अनेक पूर्णतः किंवा अंशतः वगळावी लागली. मग २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आत आली, महानगरपालिकेचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. आणि २०१७ मध्ये आलेल्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांना २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची नगरपरिषद करावी लागली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कहाणीही अशीच आहे. १९८३ साली ती आत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. एखाद्या संस्थेचे नागरिकत्व असे येरझाऱ्या घालू लागले, तर कर कोणाला द्यावा आणि तक्रार कोणाकडे न्यावी, हेच लोकांना कळेनासे होते.

गाव शहरात गेले म्हणजे नेमके काय होते, ते नीट पाहिले पाहिजे. सरपंच जातो, ग्रामपंचायत जाते, जिल्हा परिषदेतील प्रतिनिधी जातो आणि ग्रामसभाही जाते. ग्रामसभेत गावातील कोणीही मतदार उठून हिशेब विचारू शकतो. शहरात क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात असली, तरी ती प्रत्यक्षात भरल्याचे क्वचितच कोणी पाहिले असेल. मिळकतकर वाढतो, पाणी, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था मात्र मागाहून येते, आणि ‘मागाहून’ म्हणजे कधी हे कोणी सांगत नाही. शिवाय हद्दवाढीचा निर्णय शासन अधिसूचनेने करते. हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ग्रामसभेची संमती मात्र आवश्यक नाही.

या बाबतीत गावांचीही बाजू निर्दोष नाही. शहराच्या कडेला जमिनीचे भाव चढले, तसे अनेक गावांत परवानगीविना इमारतींचे पीक आले. सांडपाणी कोठे जाणार, रस्ता किती रुंद हवा, याचा विचार न करता मजल्यांवर मजले चढले आणि त्या मजल्यांतून राहायला आलेल्या लोकांनी टँकरने पाणी विकत घेतले. पण येथेही रचनेचा दोष आहेच. ग्रामपंचायतीत कायद्याने जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. वाघोलीसारखे गाव लोकसंख्येने एखाद्या नगराएवढे झाले, तरी २०२१ पर्यंत त्याचा कारभार याच चौकटीत चालला. हिंजवडीच्या परिसरात देशातील मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली, ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत. लहान खेड्यासाठी बेतलेला अंगरखा अशा गावांना पुरत नाही आणि महानगराचा अंगरखा घातला, तर त्यात ती हरवून जातात. यांच्या मधला अंगरखा आपण वेळेवर शिवत नाही.

घटनेने मांडलेला पाट

खरी खेदाची गोष्ट अशी, की शहर आणि खेडे यांनी एकत्र बसावे अशी जागा घटनेने दिलेली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा नियोजन समिती आणि महानगर प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती सांगितली. पहिलीतील किमान चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायती आणि नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, तेही ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात; दुसरीतील किमान दोन-तृतीयांश सदस्य अशाच रीतीने यावेत, अशी ही तरतूद आहे. या समित्यांनी कशाचा विचार करावा, हेही घटनेत लिहिले आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, जमिनीच्या वापराचे नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी आणि पर्यावरणाचे रक्षण. वर वर्णन केलेला प्रत्येक तंटा या एका वाक्यात येऊन बसतो.

महाराष्ट्राने १९९८ मध्ये जिल्हा नियोजन समितीचा आणि १९९९ मध्ये महानगर नियोजन समितीचा कायदा केला. मग झाले काय? जिल्हा नियोजन समिती ही पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वार्षिक निधीचे वाटप करणारी सभा होऊन बसली. कोणत्या तालुक्याला किती रस्ते, एवढ्यावर तिची चर्चा संपते; धरणाचे पाणी आणि शहराचा कचरा तिच्यापुढे क्वचितच येतो. महानगर नियोजन समित्यांना तर जीवच आला नाही. महानगर प्रदेशांची खरी सूत्रे विकास प्राधिकरणांकडे गेली. मुंबईचे प्राधिकरण १९७५ चे, पुण्याचे २०१५ चे. ही प्राधिकरणे शासनाची आहेत. शेजाऱ्यांनी मिळून स्थापन केलेली नाहीत.

त्यात २०२२ नंतरच्या काळाने भर घातली. निवडणुका रखडल्या, बहुतेक मोठ्या महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या आणि कित्येक ठिकाणी ही स्थिती तीन वर्षांहून अधिक काळ राहिली. निवडून आलेले सदस्यच नसतील, तर त्यांनी नियोजन समितीवर कोणाला पाठवायचे? शहराचा प्रशासक आणि जिल्हा परिषदेचा प्रशासक हे दोघेही एकाच शासनाचे अधिकारी. त्यांच्यात वाद होत नाही, हे खरे. पण त्यामुळे मतदारांचा वाद मिटला असे नव्हे.

काय करता येईल

अन्यत्र याहून बरे मार्ग काढलेले आहेत. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार लहानमोठी कम्यून आहेत. त्यांना बुडवून मोठी शहरे करण्याऐवजी पाणी, कचरा, वाहतूक यांसाठी त्यांनी संयुक्त मंडळे करावीत, अशी सोय तेथे १८९० च्या कायद्यापासून आहे आणि १९९९ च्या कायद्याने ती अधिक भक्कम झाली. गाव आपले नाव, महापौर आणि सभा राखते; समान कामापुरते शेजारच्या शहराबरोबर बसते. आपल्याच देशात केरळने २०२२ मध्ये पंचायती आणि नगरपालिका यांचा कारभार पाहणाऱ्या निरनिराळ्या खात्यांचे एकत्रीकरण केले. हे जसेच्या तसे उचलावे असे नाही. पण दुभंगलेली रचना ही काही ईश्वरी योजना नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रात चार गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. नियोजन समित्यांपुढे पाणी आणि कचरा हे विषय आणणे शासनावर बंधनकारक करावे आणि त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवाव्यात. शहराला पाणी देणारे वा त्याचा कचरा स्वीकारणारे क्षेत्र आणि ते शहर यांच्यात लेखी करार व्हावा; त्यात किती घ्यायचे, किती परत द्यायचे, त्याची शुद्धता कोण तपासणार आणि मोबदला काय, हे स्पष्ट असावे. शहरालगत वाढणाऱ्या गावांना एका ठरावीक लोकसंख्येनंतर आपोआप नगरपंचायतीचा वा नगरपरिषदेचा दर्जा मिळावा. आणि हद्दवाढ करायचीच असेल, तर ग्रामसभेच्या संमतीने करावी आणि पाणी व सांडपाण्याची सोय होईपर्यंत शहराच्या दराने कर घेऊ नये.

यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. पहिली घटनेतच आहे आणि उरलेल्या साध्या शेजारधर्माच्या आहेत. त्यांना विरोध होईल तो मुख्यतः पालकमंत्र्यांच्या आणि मंत्रालयाच्या बाजूने. शहर आणि खेडे परस्परांशी सरळ बोलू लागले, तर निवाडा करणाऱ्याचे महत्त्व कमी होते, हे त्याचे कारण. म्हणूनच ही मागणी शासनापुढे ठेवताना महानगरपालिकेच्या नगरसेवकांनी आणि पंचायत समितीच्या सदस्यांनी ती एकमुखाने ठेवली पाहिजे. उन्हाळ्यात कालव्याचे दार उघडायचे की मिटायचे, हे ठरवणारी पुढली बैठक त्यांच्यासाठी चांगली सुरुवात ठरू शकेल. त्या बैठकीपूर्वी आठ दिवस दौंडचे सभापती आणि पुण्याचे महापौर एकमेकांना भेटले, एवढी साधी बातमी वाचायला मिळाली, तरी पुष्कळ झाले असे म्हणावे लागेल.